धुक्यात खरं सांगणारा काटा : लॉरेन्स स्पेरी

एक छोटा प्रयोग करून बघा. फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी ती खुर्ची एकाच गतीने सावकाश फिरवत ठेवायला सांगा. साधारण वीसेक सेकंदांनी तुम्हाला वाटायला लागेल की खुर्ची थांबली. मग ती खरोखर थांबवली, की वाटेल आपण आता उलट्या दिशेला फिरतोय. आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. फिरण्याचा वेग बदलला की त्या मेंदूला कळवतात. पण एकसारखं फिरत राहिलं, तर तो द्रवही आपल्यासोबत फिरायला लागतो आणि नळ्या गप्प बसतात.

खुर्चीत या गोष्टीचं हसू येतं, ढगात मात्र याच कारणाने जीव जातो. क्षितिज दिसेनासं झालं की विमान हळूहळू एका बाजूला कलतं, वळायला लागतं, आणि पायलटला मात्र आपण सरळ चाललोय असंच वाटतं. उंची कमी होतेय म्हणून तो नाक वर खेचतो, तर वळण आणखी घट्ट होतं. आज कुणी घरच्या शेडमध्ये किटचं विमान बांधत असेल आणि इन्स्ट्रुमेंट पॅनेलवर काय काय बसवायचं याचा विचार करत असेल, तर त्याच्यासमोर खरा प्रश्न हाच असतो : माझं शरीर खोटं बोलेल, तेव्हा मला खरं कोण सांगणार? या प्रश्नाचं पहिलं कामचलाऊ उत्तर ज्यांनी विमानात बसवलं, त्यांत लॉरेन्स स्पेरीचं नाव फार वरचं आहे. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवातही घरी बांधलेल्या विमानापासूनच झाली.

भोवऱ्यांच्या घरातला मुलगा

लॉरेन्सचा जन्म १८९२ साली शिकागोत झाला. त्याचे वडील एल्मर स्पेरी हे त्या काळातले मोठे संशोधक होते. जहाजं डोलू नयेत आणि लोखंडी जहाजातही दिशा अचूक कळावी, यासाठी त्यांनी जायरोस्कोप कामाला लावला. जायरोस्कोप म्हणजे आपला भोवराच समजा. जोरात फिरणारा भोवरा आपला अक्ष सहजासहजी बदलू देत नाही. त्याला एका बाजूला ढकललं, तर तो ढकललेल्या दिशेला न जाता तिच्याशी काटकोनात झुकतो. हे दोन गुणधर्म लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

वडिलांचं लक्ष समुद्राकडे, तर मुलाचं आकाशाकडे. ब्रुकलिनच्या घरात लॉरेन्सने किशोरवयातच स्वतःचं विमान बांधायला घेतलं. त्याचे मोठे भाग बाहेर काढायला घराची खिडकीच काढावी लागली. आधी इंजिनाशिवाय, मग इंजिन लावून त्याने ते उडवलं. विमान बांधणं एक आणि ते हवेत स्थिर ठेवणं दुसरं, हे तो तेव्हाच शिकला असणार.

हात सोडून उडणारं विमान

पुढे तो हॅमंड्सपोर्टला, विमान बांधणाऱ्या ग्लेन कर्टिस यांच्याकडे, वडिलांचं जायरोस्कोपचं यंत्र विमानात बसवण्याच्या खटपटीला लागला. जहाजावर टनावारी वजन चालतं, विमानात किलोचाही हिशोब द्यावा लागतो. तरी चार जायरोस्कोप असलेलं एक आटोपशीर यंत्र तयार झालं. विमान कललं की जायरोस्कोप आपल्या जागी ठाम राहायचे, आणि हा फरक ओळखून यंत्र आपोआप पंखांच्या व शेपटीच्या झडपा हलवायचं.

१८ जून १९१४. पॅरिसजवळ सीन नदीवर सुरक्षित विमानांची स्पर्धा भरली होती. २१ वर्षांचा लॉरेन्स कर्टिसची उडती बोट घेऊन प्रेक्षकांसमोरून गेला आणि त्याने दोन्ही हात वर केले. पुढच्या फेरीत त्याचा मेकॅनिक एमिल काशां चक्क पंखावर चालत गेला. एरवी एवढ्या वजनाने विमान कललंच असतं, पण ते सरळ राहिलं. शेवटी दोघेही एकेका पंखावर, आणि पायलटची जागा रिकामी! ५०,००० फ्रँकचं बक्षीस त्यांना मिळालं. आजच्या ऑटोपायलटची ही पहिली मोठी जाहीर चाचणी.

एक काटा, एक गोळी

पण ते यंत्र महाग होतं, नाजूक होतं. प्रत्येक विमानाला परवडेल असं काही हवं होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्पेरी पितापुत्रांनी वळण दाखवणारं एक छोटं उपकरण तयार केलं. यात एकच जायरोस्कोप असतो. विमान वळलं की भोवऱ्याच्या त्या दुसऱ्या गुणधर्मामुळे तो काटकोनात झुकतो, एक स्प्रिंग त्याला मागे ओढते, आणि या ओढाताणीतून काटा डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. वळण जितकं वेगाने, तितका काटा जास्त सरकतो.

काट्याच्या खाली किंचित वाकवलेली काचेची नळी असते, तिच्यात द्रव आणि एक गोळी. वळताना विमान घसरत असेल, तर गोळी मधून बाजूला जाते. बस, एवढंच! विमान किती कललंय हे ते थेट सांगत नाही. पण काटा मध्ये, गोळी मध्ये, आणि हवेतला वेग स्थिर, एवढं सांभाळलं तर ढगातूनही सरळ बाहेर पडता येतं. त्या काळातले पायलट पुढे नेमके याच पद्धतीने शिकले. १९२७ साली लिंडबर्ग यांनी एकट्याने अटलांटिक ओलांडला, तेव्हा त्यांच्या पॅनेलवरही वळणाचा काटा होता.

खाडीवरचं धुकं

लॉरेन्स स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. त्याने स्वतःची कंपनी काढली, विनापायलट उडत्या बॉम्बवर काम केलं, पोटात दुमडता येणाऱ्या चाकांचा प्रयोग केला. त्याच्या कारखान्यात मेसेंजर नावाचं चिमुकलं विमान तयार व्हायचं, पंखांचा पसारा जेमतेम २० फूट. १९२२ साली त्याने ते वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या पायऱ्यांशी उतरवून दाखवलं.

डिसेंबर १९२३ मध्ये तो याच विमानातून, धुक्याच्या हवेत, एकटाच इंग्लंडहून इंग्लिश खाडीपलीकडे जायला निघाला. तो पोहोचला नाही. विमान समुद्रात सापडलं, आणि ११ जानेवारी १९२४ रोजी त्याचा मृतदेह. वय अवघं ३०.

वडिलांनी काम थांबवलं नाही. लॉरेन्सचा धाकटा भाऊ एल्मर ज्युनियर यानेही पुढचा टप्पा हाती घेतला : विमानाचा कल दाखवणारं कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखवणारा जायरो. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेरचं काहीही न बघता, विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. पॅनेलवर ही दोन्ही उपकरणं होती. त्यानंतर वर्षभराच्या आतच एल्मर स्पेरी वारले.

आजच्या पॅनेलवर लॉरेन्स कुठे आहे?

जुन्या छोट्या विमानात सहा गोल घड्याळं दिसतात. त्यातली तीन जायरोवर चालतात : क्षितिज, दिशा आणि वळण. इथे एक शहाणपणाची गोष्ट बघा. पहिली दोन बहुतेक वेळा इंजिनाने फिरणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर चालतात, तर वळणाचा काटा विजेवर. कारण एकच : पंप बिघडला, तर दुसरा साक्षीदार शिल्लक हवा.

आज घरी विमान बांधणारे हे सगळं काढून एकच डिजिटल पडदा लावतात. त्यात फिरणारं चाक नसतं, सिलिकॉनच्या चिपवर कंप पावणारे सूक्ष्म भाग असतात. तुमच्या फोनमधला जायरो याच जातीचा. वजन कमी, पंपाची कटकट नाही, माहिती भरपूर. पण पडदा काळा पडला तर सगळं एकदम जातं. म्हणून पॅनेल अपग्रेड करताना पडदा किती मोठा, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे : मुख्य वीज गेली तर काय चालू राहील? दुसऱ्या उपकरणाला स्वतःची बॅटरी आहे का? दोन्ही एकाच सेन्सरवर तर अवलंबून नाहीत ना?

आणि उपकरण बसवलं म्हणजे काम संपत नाही. पोट सांगतंय सरळ आणि काटा सांगतोय वळण, अशा वेळी काट्यावर विश्वास ठेवायचा सराव लागतो. तो सराव जमिनीवर असताना, निरभ्र आकाश असताना करायचा असतो. धुक्यात शिकायला वेळ मिळत नाही.