झिजणारी जमीन आणि जेम्स हटन

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी आपण सर्वच पाहतो. परंतु त्या गढूळपणाचा हिशेब मांडावा, असे फार थोड्यांच्या मनात येते. स्कॉटलंडमधील जेम्स हटन याने तो मांडला.

हटनचा जन्म १७२६ साली एडिंबरो येथे झाला. वडील त्याच्या बालपणीच वारले. पुढे वकिलाच्या कचेरीत उमेदवारीस ठेवले, तर तेथेही स्वारी रसायनांच्या प्रयोगांत दंग! १७४९ साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्याने मिळविली. मात्र वैद्यकी न करता तो वडिलोपार्जित शेतीकडे वळला.

त्या शेतावर एका कोड्याने त्याला ग्रासले. खडक झिजून माती होते, मातीवर पीक येते आणि पाऊस तीच माती समुद्राकडे वाहून नेतो. हे असेच चालले, तर एके दिवशी सारी जमीन समुद्रात जावयाची. मग ती अद्याप शिल्लक कशी? झिजलेल्या जमिनीची भरपाई करणारी शक्ती निसर्गात असलीच पाहिजे, असे त्याने ताडले.

शेती सोडून तो एडिंबरोस परतला. तेथे उष्णतेचा अभ्यासक जोसेफ ब्लॅक आणि वाफेच्या यंत्रात सुधारणा करणारा जेम्स वॉट हे त्याचे स्नेही होते. वाफेच्या यंत्रात उष्णतेचे गतीत रूपांतर होते. सूर्याची उष्णता समुद्राचे पाणी वर नेऊन पाऊस पाडते व तेच पाणी डोंगर कोरते. तर पृथ्वीच्या पोटातील उष्णता समुद्रतळीच्या गाळाचा खडक बनवून तो वर उचलते, असा सिद्धांत हटनने १७८५ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. (गाळाचा खडक बनतो तो मुख्यतः दाबाने व खनिजांच्या सांधणीने, हे नंतर कळले.)

ग्रॅनाइट पाण्यातूनच साचला, असे तेव्हा अनेक विद्वान मानीत. पुरावा शोधीत हटन त्याच वर्षी ग्लेन टिल्ट या दरीत गेला. तेथील काळसर खडकांत तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा घुसलेल्या होत्या. म्हणजे तो एके काळी वितळलेला होता! हटनला एवढा हर्ष झाला, की याला सोने सापडले असावे असे वाटाड्यांना वाटले.

१७८८ साली जॉन प्लेफेअर व जेम्स हॉल या मित्रांसह नावेतून जाताना सिकार पॉइंट हा कडा त्याने पाहिला. खाली करड्या खडकाचे उभे थर, तर त्यांवर तांबड्या वालुकाश्माचे जवळजवळ आडवे थर. खालचे थर समुद्रात साचले, कलून वर आले, झिजले, पुन्हा बुडाले आणि मग त्यांवर वाळू साचली. दोहोंमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे अंतर आहे, असे आजचे शास्त्र सांगते. त्या काळी मात्र पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे समजत!

साहजिकच टीका झाली; हटनवर धर्मविरोधाचाही आरोप आला. आजारी असतानाही त्याने १७९५ साली दोन खंडांत उत्तर दिले. पण त्याची भाषा इतकी बोजड, की वाचक थोडेच लाभले. १७९७ साली तो निवर्तला. प्लेफेअरने १८०२ साली त्याचे विचार सुबोध भाषेत मांडले. आणि हटनच्या मृत्यूच्याच वर्षी जन्मलेल्या चार्ल्स लायेलने १८३० पासून आपल्या ग्रंथांद्वारे ते दूरवर पोहोचविले.