गुरूने मागितलेले एक वर्ष

पुण्यातील भारत सेवक समाजाच्या आवारात १९१५ च्या प्रारंभी एक लहानसा समारंभ योजला होता. दक्षिण आफ्रिकेतून नुकत्याच परतलेल्या मोहनदास करमचंद गांधी यांच्यासाठी निवडक मंडळी जमली होती. गांधींच्या आहारव्रताची जाण ठेवून शेंगदाणे, खजूर व ताजी फळे एवढाच अल्पोपाहार होता. यजमान नामदार गोपाळ कृष्ण गोखले आजारी होते. तरीही ते खोलीबाहेर आले. तेवढा श्रमही त्यांच्या देहाला पेलवला नाही. त्यांना मूर्च्छा आली आणि उचलून आत न्यावे लागले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला, की कार्यक्रम थांबवू नये. त्यानंतर काही दिवसांतच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नामदार गेले.

या अखेरच्या दिवसांत गोखल्यांनी शिष्याला जे दिले, ते समजण्यासाठी त्यांचे आयुष्य पाहावे लागते. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत राहिला. १८८४ साली पदवी घेऊन गोपाळराव पुण्यात शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक. याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे भेटले. सुमारे चौदा वर्षे गोखल्यांनी त्यांच्या हाताखाली अर्थशास्त्र, आकडेवारी आणि सार्वजनिक प्रश्नांचा कसून अभ्यास केला. १९०१ च्या जानेवारीत रानडे निवर्तले, तेव्हा गुरू गमावण्याचे दुःख गोखल्यांनीही भोगले.

त्याआधी १८९७ साली त्यांच्यावर एक दारुण प्रसंग ओढवला होता. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले असता पुण्यातील प्लेगबंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या त्यांना पत्रांतून कळल्या. त्यांवर विसंबून त्यांनी तेथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा हाती लागेना आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीमुळे मायदेशी त्यांची निर्भर्त्सना झाली. तो घाव खोल होता. मात्र पुढे केंद्रीय कायदेमंडळात १९०२ सालच्या अर्थसंकल्पावर ते बोलले, तेव्हा त्यांच्या प्रत्येक विधानामागे आकडा उभा होता. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापला आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले, तरी त्यांनी विषय सोडला नाही.

गांधी त्यांना प्रथम भेटले १८९६ मध्ये, पुण्यात. दोघांच्या वयात जेमतेम तीन वर्षांचे अंतर. तरीही गांधींनी त्यांना मनोमन गुरू मानले. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले, तेव्हाचा एक प्रसंग हृद्य आहे. रानड्यांनी दिलेले एक उपरणे गोखले जिवापाड जपत व विशेष प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या मेजवानीपूर्वी त्याला सुरकुत्या पडलेल्या दिसल्या. गांधींनी इस्त्री करण्याची तयारी दाखविली. त्यांच्या वकिलीवर गोखल्यांचा विश्वास होता, इस्त्रीवर नव्हता! पण शिष्याने हट्टाने ते काम उत्तम केले. रानडे, गोखले आणि गांधी या तीन पिढ्या त्या एका वस्त्राने जणू जोडल्या गेल्या.

हे नाते अंधभक्तीचे मात्र नव्हते. गांधींचे ‘हिंद स्वराज’ गोखल्यांना अपक्व वाटले होते. १९१४ साली लंडनमध्ये गांधी आजारी पडले, तेव्हा दूध घेण्याचा गोखल्यांचा आग्रह त्यांनी रात्रभर विचार करून नम्रपणे नाकारला. पुण्यात तर भारत सेवक समाजाचे सभासद त्यांना सामावून घेण्यास कचरत होते. समाजाचे आणि गांधींचे मार्ग भिन्न आहेत, ही त्यांची शंका निराधार नव्हती. गोखल्यांनी सभासदांवर आपला अधिकार चालविला नाही आणि शिष्यालाही दूर लोटले नाही. प्रवेश मिळो वा न मिळो, आपण गांधींना समाजाचेच मानू, असे त्यांनी सांगून टाकले. गांधींच्या नियोजित आश्रमाचा खर्चही त्यांनी समाजाच्या खात्यातून देऊ केला.

या बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली: गांधींनी वर्षभर देश हिंडून पाहावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन करू नये. पुराव्याविना बोलण्याची किंमत मोजलेल्या माणसाचे हे मागणे होते. त्यामागे १८९७ ची आठवण होती, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण त्या आठवणीशी ते सुसंगत खासच होते.

निधनाची तार आली, तेव्हा गांधी शांतिनिकेतनात होते. ते कस्तुरबांसह तातडीने पुण्याला निघाले. शोक म्हणून वर्षभर अनवाणी राहण्याचे व्रत त्यांनी घेतले. समाजातील प्रवेशावरून सभासदांत पुन्हा दोन तट पडू लागले, तेव्हा गुरूच्या संस्थेत फूट पडू नये म्हणून त्यांनी आपला अर्जच मागे घेतला. मग तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून त्यांनी देश पाहिला. मुदत सरल्यावर फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात ते बोलले, आणि संस्थानिकांनी भरलेली ती सभा हादरून गेली. नेमस्त गुरूने मागितलेल्या मौनातून असे शब्द बाहेर पडले!

नामदारांनी शिष्याला आपली मते दिली नाहीत, आपली संस्थाही देता आली नाही. त्यांनी दिली ती शिस्त: आधी पाहावे, मग बोलावे. ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याच्यावरही विश्वास टाकावा, हा दुसरा धडा त्यांनी शब्दांविना दिला. आपल्यानंतर शिष्य वेगळ्या वाटेने जाणार, हे दिसत असतानाही त्याच्या शिदोरीची सोय करून ठेवणारा गुरू विरळाच.