चित्रकार कै. वासुदेव संतू गायतोंडे

सोन्याचे पाणी दिलेला दागिना आमच्या बीड जिल्ह्यातील कोणत्याही गृहिणीस ओळखता येतो. वर सोने, आत पितळ. चार वर्षे वापरला की पितळ डोके वर काढते. ज्या चित्रकाराची माहिती आम्ही सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत, त्यांची रीत याच्या नेमकी उलट होती. त्यांच्या चित्रांतील तेज वरून चढविलेले नसून खालच्या थरांतून वर येते.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. पुढे मुंबईत गिरगावातील चाळीत त्यांचे वास्तव्य होते. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. तेथे शंकर पळशीकरांसारखे गुरू लाभले. आरंभी जैन पोथ्यांतील आणि बसोहली शैलीतील लघुचित्रांचा त्यांनी अभ्यास केला. जुन्या जैन पोथ्यांत खऱ्या सोन्याचा मुक्त वापर आढळतो. गायतोंडे यांनी मात्र सोने बाजूस ठेवून रंगांचा उजाळा तेवढा घेतला, असे आम्हांस वाटते.

हळूहळू चित्रांतून माणसे, घरे, झाडे नाहीशी झाली. लोक त्या चित्रांस अमूर्त म्हणत. त्यांना स्वतःला तो शब्द मान्य नव्हता. कामाची पद्धत सांगण्याजोगी आहे. ते रुळाने कॅनव्हासवर रंग पसरीत, पात्याने खरवडीत, वर्तमानपत्रांचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून रंग उचलीत, पुन्हा पातळ थर देत. हाताने काम थोडे आणि विचार फार. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत.

१९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७१ साली पद्मश्रीचे मानकरी झाले. पुढे त्यांनी दिल्लीत बिऱ्हाड केले. लग्न केले नाही, सभासमारंभांत रमले नाहीत. १९८४ सालच्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे बराच काळ जमेना, तेव्हा कागदावर लहान रेखाटने केली. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे चित्रकलेचा तास शनिवारी शेवटचा असे, आणि गणिताचे शिक्षक तोही मागून घेत. पालकांची त्यास हरकत नसे. मुलगा रंगपेटी घेऊन बसला की घरात पहिला प्रश्न पोटाचाच निघतो, आणि तो प्रश्न खोटा नव्हे. २०१३ साली मुंबईच्या लिलावात गायतोंडे यांच्या एका चित्रास तेवीस कोटींहून अधिक रुपये आले, हे ऐकून आता काही पालकांचे मत पालटते. परंतु तो पैसा पाहण्यास चित्रकार हयात नव्हते; हयातीत त्यांनी भाडोत्री खोलीत राहूनच रंग लावला. मुलास या मार्गाला लावताना लिलावाचा आकडा नव्हे, ती खोली डोळ्यांपुढे ठेवावी.

दिल्लीस जाणाऱ्या सभासदांनी जयपूर हाऊस येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अवश्य जावे. तेथील संग्रहात त्यांची चित्रे आहेत. चित्रापुढे पाच मिनिटे तरी उभे राहावे. पहिल्या मिनिटात काहीच दिसत नाही.