फडावरचे बाळंतपण : विठाबाई नारायणगावकर

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या आसपास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, फड ठरवतात आणि सुपारी देऊन जातात. जुन्नर तालुक्यातल्या या गावाचे नाव ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर झाले, त्या म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. शहरात दिलीपकुमार आणि देव आनंद यांच्यासाठी तरुण पोरे-पोरी वेडी होत होती, तिकडे अमेरिकेत सिनेमाच्या देखण्या नटांमागे गर्दी धावत होती, त्याच काळात गावोगावी बैलगाड्या जुंपून माणसे विठाबाईंचा फड बघायला निघत. पडदा नाही, सिनेमाचा कॅमेरा नाही. बाई समोर उभी राहून गात होती, नाचत होती, आणि रात्र सरत होती.

त्यांचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात झाला. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने तो फड ओळखला जाई. विठाबाई या फडातच वाढल्या. गवळण, लावणी, वगातले बोलणे हे सगळे लहानपणापासून कानावर पडत गेले आणि अंगात मुरले. १९५७ मध्ये राष्ट्रपती पदकाने त्यांचा गौरव झाला, तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस होते.

तमाशा हे किती कष्टाचे काम आहे, याची कल्पना समोर बसलेल्याला सहसा येत नाही. रात्री उशिरा गण सुरू होतो, मग गवळण, बतावणी, लावण्या, आणि शेवटी वग, तो पहाटेपर्यंत चालतो. पायात चाळांचे जड पट्टे बांधून तासन् तास नाचायचे, तेही खाचखळग्यांच्या मैदानात टाकलेल्या फळ्यांवर. वर धुळीत गायचे, कारण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. सकाळी सामान गाडीत भरून पुढचे गाव गाठायचे, झोप मिळाली तर गाडीत. दसऱ्यानंतर बाहेर पडलेला फड चैत्र-वैशाखातल्या यात्रा संपेपर्यंत फिरत राहतो. आजच्या भाषेत ही सात-आठ महिन्यांची सलग रात्रपाळी झाली. रात्रपाळीने झोप, पाळी, रक्तदाब आणि पचन यांची घडी विस्कटते, हे आता चांगले माहीत झाले आहे. जेवण वेळेवर नसलेल्या बाईच्या अंगात रक्त कमी असणे हेही आलेच.

अशा हंगामात गरोदरपण आले तर सुट्टी कुठून मिळणार? फडाच्या मुख्य बाईचे नाव जाहिरातीत पुढे असते. ती उभी राहिली नाही तर प्रेक्षक खवळतो, तिकिटाचे पैसे मागतो आणि फडावर जगणाऱ्या कित्येक घरांची चूल त्या दिवशी थंड राहते. कलावंतांनी हंगामाआधी घेतलेली उचल डोक्यावर असतेच.

विठाबाईंची सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकिगत इथली आहे. नववा महिना भरलेला असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या मागे कनातीत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि लुगडे आवळून पुन्हा पुढे यायला तयार झाल्या. मघाशी दिसणारे पोट आता दिसत नाही हे प्रेक्षकांच्या ध्यानात आले, विचारपूस झाली, आणि खरे कळल्यावर त्याच प्रेक्षकांनी खेळ थांबवायला लावून त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले. सांगणाऱ्यागणिक बारीकसारीक गोष्टी बदलतात, पण गाभा हाच राहतो.

ही हकिगत बहुधा धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. धाडस होतेच. पण वैद्यकाच्या बाजूने पाहिले तर यातल्या एकेका पायरीवर आई आणि मूल दोघांचाही जीव टांगणीला लागला होता.

बाळंतपण इतक्या झटपट होऊ शकते का? होऊ शकते. काही स्त्रियांचे, विशेषतः आधी मुले झालेल्यांचे, बाळंतपण तीन तासांच्या आत उरकते. उभे राहण्याने आणि हिंडण्या-फिरण्याने कळांचा पहिला टप्पा थोडा लवकर आटोपतो, हेही अभ्यासांत दिसले आहे. कळा सोसत काम करत राहणाऱ्या बायका शेतातही होत्या आणि आहेत.

आता दगड. नाळेत मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती तोडताना आईला किंवा बाळाला दुखत नाही. मात्र ती निसरडी आणि चिवट असते; आतल्या रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा जाड थर असतो. बाळाने पहिला श्वास घेतला आणि नाळेला बाहेरची गार हवा लागली की या वाहिन्या आपोआप आकसू लागतात. दगडाने ठेचली की वाहिन्यांची तोंडे चिरडून बंद होतात. जनावर नाळ चावून तोडते तेव्हा हेच घडते. म्हणजे न बांधलेली नाळ धारदार पात्याने कापण्यापेक्षा ठेचल्यावर रक्त कमी जाते. विठाबाईंना हे कुणी शिकवले असेल-नसेल, पण त्या ज्या समाजातून आल्या त्यातल्या बायका खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या सुईणपण करत होत्या. गावाला ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्याच हातांत गावातली मुले जन्माला येत. तेव्हा नाळेचे हे ज्ञान त्यांच्या घराला नवीन नसावे.

दगडाची भीती रक्तस्रावापेक्षा वेगळ्याच गोष्टीची. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. उन्हाने ती मरत नाहीत, नुसत्या पाण्याने धुऊन जात नाहीत. यात्रेचे मैदान म्हणजे जिथे बैल बांधलेले, गाडे जुंपलेले. तिथला दगड ताज्या नाळेला लागणे यापरता मोठा धोका नाही. अशी बाधा झालेले बाळ पहिले दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत असते, अंगावर पिते. मग एके दिवशी त्याला तोंड उघडता येत नाही, दूध ओढता येत नाही, अंग ताठ होते, जरासा आवाज झाला तरी झटका येतो. उपचार न मिळाल्यास अशी बहुतेक बाळे दगावतात. विठाबाईंचे बाळ वाचले. त्याच काळात विळ्याने, खुरप्याने नाळ कापून वर राख किंवा शेण लावलेली किती बाळे गेली, त्यांची हकिगत कोणी सांगत नाही.

हा आजार एकदा होऊन गेला तरी शरीरात त्याविरुद्ध ताकद तयार होत नाही. ती फक्त लसीने येते. गरोदर आईला लस दिली की तिचे संरक्षण वारेतून बाळाला मिळते. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाल्यावर ही लस गावोगावी नेटाने पोहोचू लागली. सुईणींना पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळेचा बुंधा. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. याचा अर्थ जंतू संपले असा नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे वर्षाला एकापेक्षाही कमी बाळाला हा आजार होतो, एवढाच. माती तीच आहे, म्हणून गरोदरपणातली धनुर्वात-घटसर्पाची लस आजही चुकवायची नसते.

विठाबाईंच्या स्वतःच्या जिवाला धोका होता तो वारेचा. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहत असते. वार सुटली की गर्भाशयाचे स्नायू आवळून या रक्तवाहिन्या मिटवतात. स्नायू थकलेले असले, वारेचा तुकडा आत राहिला, तर नळ उघडा राहावा तसे रक्त जाते आणि आधीच रक्त कमी असलेली बाई तासा-दोन तासांत हातची जाते. म्हणून बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास डोळ्यांत तेल घालून बघावे लागतात. बाळ छातीला लावले की त्याच्या ओढण्याने आईच्या शरीरात जे संप्रेरक स्रवते, तेच गर्भाशय आवळायलाही मदत करते. हे दोन तास विठाबाई वगात उभ्या राहायला निघाल्या होत्या. प्रेक्षकांनी त्यांना थांबवले, ही त्या रात्रीची सर्वांत शहाणी गोष्ट झाली.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. नाळ लगेच तोडायची गरजच नसते. वाटेत, गाडीत, शेतात बाळंतपण झाले तर बाळाला कोरडे पुसावे, आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांवर पांघरूण घालावे, अंगावर पाजायला लावावे. नाळ ओढू नये. वार आपोआप पडली तर पिशवीत घालून बाळाशेजारी ठेवावी आणि नाळ जोडलेल्या अवस्थेतच दवाखाना गाठावा. तास-दोन तास नाळ तशीच राहिल्याने काही बिघडत नाही. उलट पहिल्या काही मिनिटांत बाळाला जास्तीचे रक्त मिळते. त्या कनातीत नाळ तोडायची घाई बाळाला नव्हती, बाळंतिणीच्या शरीरालाही नव्हती. घाई बोर्डावर परत जायची होती.

नोकरदार स्त्रीसाठी मातृत्व लाभाचा कायदा १९६१ मध्ये झाला. १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन सर्कशीसारखे कसरतींचे खेळ करणाऱ्या संस्थाही त्यात आल्या. २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. पण ज्या ठिकाणी हजेरीपट नाही, मालक नातेवाईकच आहे आणि पगाराऐवजी उचल आहे, तिथे कायदा शिरणार कुठल्या दाराने? गावच्या रीतीत बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, डिंकाचे लाडू, शेकशेगडी असते. फडातल्या बाईच्या वाट्याला तेही पुरते येत नाही. जुन्नरच्या विघ्नहर आणि आंबेगावच्या भीमाशंकर कारखान्यांसाठी दर हिवाळ्यात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांचा हंगाम आणि तमाशाचा हंगाम जवळपास एकच, आणि उचलीची पद्धतही तीच. त्या कोपीतल्या गरोदर बाईकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहे का आणि १०२ किंवा १०८ला फोन लावायचा हे तिच्या माणसांना माहीत आहे का, हे विचारायला ऊस तुटेपर्यंत थांबायचे कारण नाही.

विठाबाई पुढेही फडावर उभ्या राहिल्या. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी हीच वाट धरली आणि मोठे नाव कमावले. १९९० मध्ये विठाबाईंना दुसऱ्यांदा राष्ट्रपती पदक मिळाले. पण पदकाबरोबर ना निवृत्तिवेतन आले ना आजारपणाची सोय. आयुष्यभर रोख मिळकतीवर जगलेल्या कलावंताजवळ उतारवयात फारसे काही उरत नाही. ज्या गुडघ्यांवर आणि ज्या गळ्यावर घर चालले तेच आधी दगा देतात. शेवटच्या काळात त्यांची परवड झाली. १५ जानेवारी २००२ रोजी, तमाशाचा हंगाम ऐन भरात असताना, त्या गेल्या. वय सहासष्ट. रुग्णालयाचे बिल देणगीदारांनी मिळून भागवले.

त्यानंतर चार वर्षांनी, २००६ पासून, महाराष्ट्र शासनाने तमाशासाठी आयुष्य वेचलेल्या कलावंतांना विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार द्यायला सुरुवात केली.