कोल्हापूरला न पोहोचलेल्या डॉक्टर

कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आज ‘सीपीआर’ या नावाने जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. संस्थानी काळात त्याचे नाव अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय असे होते. या रुग्णालयाच्या स्त्री विभागाची सूत्रे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडे सोपविण्याचा निर्णय कोल्हापूर संस्थानाने १८८६ साली घेतला. परदेशी जाऊन वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. परंतु त्या पदावर रुजू होण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ज्या आजाराने त्यांना गाठले, त्यावरचे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातील या मुलीचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. स्वभावाने ते हट्टी आणि विक्षिप्त. पण पत्नीने शिकलेच पाहिजे, या एका बाबतीत त्यांचा निर्धार पक्का होता. या शिक्षणापायी आनंदीबाईंना घरात जाच आणि बाहेर कुचेष्टा, दोन्ही सोसावे लागले.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, ही सल त्यांच्या मनात कायमची राहिली. त्या काळी पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेणे बहुतेक स्त्रियांना अशक्य वाटे. परिणामी बाळंतिणी आणि त्यांची अर्भके वैद्यकाच्या कक्षेबाहेरच राहत. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाली पाहिजे, हा आनंदीबाईंचा ध्यास या दुःखातून आकाराला आला.

त्यांच्या अमेरिकेच्या वाटेचा आरंभही कोल्हापूरशीच निगडित आहे. गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झालेली असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी रॉयल वाईल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. वाईल्डर पूर्वी कोल्हापुरातच कार्य करीत होते आणि नंतर अमेरिकेस परतले होते. धर्मांतराच्या अटीमुळे त्या पत्रातून तत्काळ काही निष्पन्न झाले नाही. मात्र ते एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले आणि १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आले. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. या पत्रांतून मावशी-भाचीसारखे नाते जुळले.

परदेशगमनास सनातनी समाजाचा कडवा विरोध होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे भरसभेत आनंदीबाईंनी आपली भूमिका मांडली. देशाला स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी निक्षून सांगितले. एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्त्याहून बोटीने प्रस्थान ठेवले. सोबत पती नव्हते. वय अठरा वर्षांचे होते.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियामध्ये त्यांना प्रवेश मिळाला. कडाक्याची थंडी, अपुरा शाकाहार आणि अभ्यासाचा ताण यांमुळे प्रकृती ढासळत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी मिळविली. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईस परतल्या, तेव्हा क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत त्यांचे स्मारक झाले.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच, म्हणजे आनंदीबाईंनी अमेरिकेस प्रयाण करण्याच्या आदल्या वर्षी, जगापुढे आणला होता. शत्रू ओळखू आला होता, पण शस्त्र नव्हते. स्वच्छता, विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये. क्षयावर परिणामकारक ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांच्या हाती लागले. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर सदुसष्ट वर्षांनी प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना महाराष्ट्राच्या भूमीत उभा राहिला.

मात्र औषध आल्याने डॉक्टरची गरज संपली नाही, उलट ती वाढली. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हा धडा वैद्यकाला मोठी किंमत मोजून शिकावा लागला. नवजात अर्भकांचे यकृत क्लोरॅम्फेनिकॉलचा निचरा करू शकत नाही आणि त्यामुळे बाळे दगावतात, हे १९५९ च्या सुमारास उघड झाले. टेट्रासायक्लिनने वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात, हेही अनुभवानेच कळले. स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगी वाचले, पण काहींची श्रवणशक्ती गेली. शिवाय हे औषध एकटेच दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, हेही दिसून आले. म्हणूनच क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे दिली जातात.

आज मुलांना प्रतिजैविक देताना मात्रा बहुधा वजनावरून ठरते आणि ते औषधासोबतच्या मापानेच मोजून द्यावे लागते. साध्या सर्दी-पडशाचे मूळ विषाणूत असते. तेथे या औषधांचा उपयोग नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होण्याआधी औषध परस्पर बंद करणे, किंवा थोरल्या भावंडाच्या बाटलीत उरलेले औषध धाकट्याला पाजणे, हे दोन्ही धोक्याचे. तान्ह्या बाळाला ताप आला, त्याने दूध सोडले किंवा त्याचा श्वास जलद चालू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला रुग्णालयातच नेले पाहिजे.

अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी स्त्रियांची सेवा केली आणि आनंदीबाईंनी पाहिलेले स्वप्न कोल्हापुरात प्रत्यक्षात उतरले. आनंदीबाईंनी स्वतः एकाही कोल्हापूरकर रुग्णाची नाडी पाहिली नाही. पण आईला विनासंकोच जाता येईल असा जाणता डॉक्टर जवळ असावा, हा त्यांचा आग्रह औषधांनी कपाटे भरलेल्या आजच्या काळातही तितकाच खरा आहे.