डोर्नकलचा साक्षीदार

ईस्टरचा सण जवळ आला, की आमच्या किनाऱ्यावरील चर्चच्या घंटा ऐकू येतात आणि शेजारधर्म म्हणून आपण हिंदू मंडळी ख्रिस्ती बांधवांना शुभेच्छा देऊन मोकळे होतो. त्या सणाच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र आपल्या मनाला सहज पटणारी नाही. पुनर्जन्म आपल्या ओळखीचा. परंतु क्रुसावर मेलेला मनुष्य तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला, हे ऐकताच आपण मान हलवतो. यात आपले काही चुकते असे नव्हे. येशूच्या शिष्यांपैकी थॉमसनेही प्रथम हेच केले होते, आणि अथेन्सच्या विद्वानांनी ही वार्ता सांगणाऱ्या पौलाची थट्टा केली होती. ऐकणारा साशंक आहे हे पुरते ठाऊक असूनही जो सांगत राहतो, तो कसा मनुष्य असतो, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधताना निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एका बिशपचे चरित्र डोळ्यांपुढे येते.

वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविलै या खेड्यात झाला. ज्या नाडर समाजाला मंदिराची पायरी चढण्यास बंदी होती, त्या समाजातले हे घराणे. वडील थॉमस वेदनायगम मूळचे हिंदू. पुढे ते ख्रिस्ती होऊन खेड्यातले धर्मोपदेशक झाले. अझरिया मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले, पण पदवी न घेताच बाहेर पडले आणि तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेचे काम करू लागले. परदेशी पैशावर व परदेशी माणसांवर विसंबलेला धर्मप्रचार त्यांना सलत होता. म्हणून १९०३ मध्ये तिरुनेलवेलीत आणि १९०५ मध्ये सेरामपूर येथे, हिंदी माणसांनी हिंदी पैशावर चालवावयाच्या संस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. हे वंगभंगाचे व स्वदेशीचे वर्ष होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

१९०९ मध्ये ते डोर्नकलला गेले. हैदराबाद संस्थानाच्या पूर्व भागातले हे गाव आज तेलंगणात आहे. तमिळ माणसाने तेथे तेलुगू शिकून माला व मादिगा या अस्पृश्य वस्त्यांत हिंडावयाचे, असे ते काम. पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या जागतिक परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले, की तुम्ही त्याग पुष्कळ केलात, पण आम्हांला बरोबरीची मैत्री दिली नाहीत. सभागृहात अस्वस्थता पसरली. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन पंथाचे ते पहिले हिंदी बिशप. काळा मनुष्य हे पद पेलू शकेल काय, अशी शंका मिशनऱ्यांत होती. काही हिंदी ख्रिस्ती लोकांतही होती.

पुढली बत्तीस वर्षे हेच त्यांचे उत्तर होते. बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाने डोक्यावर हात ठेवून, ही वार्ता मी इतरांना न सांगितल्यास मला धिक्कार असो, अशा अर्थाची शपथ घ्यावी, असा प्रघात त्यांनी पाडला. ज्यांचे बोलणे गावात कोणी ऐकून घेत नव्हते, त्यांनाच त्यांनी बोलण्याचे काम दिले. त्याबरोबर दारू सोडणे, मृत जनावराचे मांस न खाणे, शाळेत जाणे, आणि माला-मादिगांनी आपसांतला विटाळ टाकणे यांवरही त्यांचा कटाक्ष असे. कबरीतून उठण्याची गोष्ट ज्यांना खोटी वाटे, त्या सवर्ण शेजाऱ्यांनाही वस्तीतली माणसे उठून उभी राहिलेली दिसत होती. १९३०च्या दशकात त्यांतलेही काही ऐकावयास आले.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र आला तो गांधीजींकडून. १९३५ मध्ये येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मत्यागाची घोषणा केल्यावर हरिजनांच्या सामुदायिक धर्मांतराचा वाद पेटला. भुकेल्या, निरक्षर माणसाचे धर्मांतर खरे नव्हे, असे गांधीजींचे मत. अस्पृश्यालाही आत्म्याची भूक असते व ती ओळखण्याची बुद्धीही असते, ही अझरियांची धारणा. तरीही ख्रिस्ती समाजासाठी विभक्त मतदारसंघ नकोत, असे सांगणारे अझरियाच होते. माणसे वळवून मतांचे गठ्ठे बांधावेत, असा त्यांचा हिशेब नव्हता.

आमच्या किनाऱ्याला या विषयाची जखम आहे. १५६०च्या सुमारास मंगेशाची मूर्ती कुशस्थळीहून प्रियोळास न्यावी लागली, ती प्रवचनाच्या भयाने नव्हे, सत्तेच्या भयाने. ती आठवण पुसावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सत्तेने लादलेला धर्म आणि माणसाने माणसाला सांगितलेला विश्वास यांत भेद आहे, आणि तो ज्याला करता येत नाही त्याला आपल्याच करजगावात जन्मलेले रेव्हरंड टिळकही कळणार नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रचाराचा हक्क मान्य केला. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. सांगणाऱ्याला सांगू द्यावे आणि ऐकणाऱ्याला नाकारू द्यावे, यातच दोघांचाही मान आहे.

६ जानेवारी १९३९ रोजी डोर्नकलच्या कॅथीड्रलचे समर्पण झाले. त्यात हिंदू मंदिरांच्या व मुसलमानी इमारतींच्या शैलींचा मेळ आहे. १ जानेवारी १९४५ रोजी अझरिया वारले, तेव्हा त्यांच्या धर्मप्रांतातील ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांवर गेली होती. ज्या चर्च-ऐक्यासाठी ते १९१९ पासून झटले, ते दक्षिण भारतात २७ सप्टेंबर १९४७ रोजी साधले. पाहावयास ते नव्हते.

त्यांची श्रद्धा आम्ही स्वीकारावी असे नाही. पण ज्या वस्त्यांत ते गेले, त्या वस्त्यांत त्यांच्या आधी आपण का गेलो नाही, या प्रश्नाला आम्हांस अद्याप उत्तर देता आलेले नाही.