अबोल संशोधक : हेन्री कॅव्हेंडिश

अठराव्या शतकातील लंडन शहर. रॉयल सोसायटीच्या सभासदांची शास्त्रचर्चा रंगात आली आहे. घोळक्याच्या कडेला विटक्या जांभळ्या रंगाचा, जुन्या धाटणीचा कोट घातलेले एक गृहस्थ मान खाली घालून ऐकत उभे आहेत. कोणी त्यांच्या डोळ्यांस डोळा भिडवून प्रश्न केला की, ते कावरेबावरे होऊन तेथून निघून जात. हेच थोर शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी एका श्रीमंत सरदारकुळात झाला. मातृसुख त्यांना फार काळ लाभले नाही. केंब्रिज विद्यापीठात शिकून १७५३ साली ते पदवी न घेताच परतले. वडील लॉर्ड चार्ल्स स्वतः प्रयोगकुशल होते. त्यांनी मुलास त्याच्या कलाने शिकू दिले.

१७६६ साली कॅव्हेंडिश यांनी हायड्रोजन हा एक स्वतंत्र वायू असल्याचे दाखविले. १७८५ साली हवेवर प्रयोग करताना शेवटी एक इवलासा बुडबुडा उरला. दुसऱ्या एखाद्याने तो उपेक्षिला असता; त्यांनी त्याचे माप नोंदवून ठेवले. पुढे १८९४ साली त्या बुडबुड्याचे रहस्य उलगडले. तो मुख्यतः आरगॉन वायू होता! १७९८ साली, शिशाच्या गोळ्यांमधील अतिसूक्ष्म आकर्षण मोजून त्यांनी पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट ठरविली. आजचा आकडा सुमारे ५.५१ आहे.

असे सूक्ष्मदर्शी कॅव्हेंडिश घरात मात्र जेवणाची सूचनाही चिठ्ठी लिहून देत. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. अलीकडे काही तज्ज्ञांनी असे अनुमान केले आहे की, ते स्वमग्न असावेत. गतकाळातील माणसाची तपासणी करता येत नाही, म्हणून हे अनुमानच होय. स्वमग्नता हा रोग नव्हे; ती मनाची निराळी घडण आहे. अशा अनेकांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव किंवा बोलण्यातील गर्भितार्थ सहज उमगत नाही. गलबला सोसवत नाही, नित्यक्रम मोडला की मन अस्वस्थ होते. तथापि बारीक तपशील टिपणे आणि एकाच विषयात दीर्घकाळ रमणे त्यांच्यापैकी पुष्कळांना साधते. सर्वच स्वमग्न व्यक्ती सारख्या नसतात, आणि प्रत्येकजण शास्त्रज्ञ होतो असेही नाही.

कॅव्हेंडिश यांच्या सुज्ञ मित्रांनी एक युक्ती शोधली होती. त्यांच्याकडे न पाहता, जणू मोकळ्या हवेशी बोलावे तसे ते बोलत. मग हळूच मोलाचे उत्तर येई. तरीही त्यांचे विजेसंबंधीचे पुष्कळसे संशोधन कागदांतच पडून राहिले. १८१० साली ते निवर्तले. १८७९ साली मॅक्सवेल यांनी ते कागद प्रसिद्ध केले, तोवर त्यांतील काही नियम इतरांनी नव्याने शोधून काढले होते. जगाची ती केवढी हानी!

आपल्या वर्गातही नजर चुकविणारा, एकटाच रमणारा एखादा सोबती असेल. त्याला गर्विष्ठ वा मंद समजू नये. त्याच्याशी त्याला रुचेल त्या रीतीने बोलावे, आणि उत्तराची धीराने वाट पाहावी.